गच्चीवरच्या ग्रिलला २५ हजार घालताय? मग पैसे झाकणाला आणि पत्र्याला मोजा

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही जुळे सोलापूरला रो हाऊसमध्ये राहतो, वर गच्ची चांगली मोकळी आहे. घरात सहा जण. सासूबाई माळकरी आहेत, बाकी आम्ही सगळे खाणारे. मुलगा हैदराबादला नोकरीला लागल्यापासून सुट्टीला आला की बार्बेक्यूला चला म्हणून मागे लागतो, म्हणून ह्यांनी ठरवलंय की घरीच चांगला ग्रिल घ्यायचा. महिन्यातून एक-दोनदा वापर होईल. बजेट २५ हजार. ह्यांना ऑनलाइन चार बर्नरचा गॅसचा ग्रिल आवडलाय, मित्र म्हणतात घ्यायचाच तर मोठा घे की बे. एमआयडीसीतला एक ओळखीचा फॅब्रिकेटर म्हणतो ड्रम उभा कापून करून देतो, पाव खर्चसुद्धा येणार नाही. कोळसा, गॅस का इलेक्ट्रिक? चांगला माल ओळखायचा कसा? आणि पावसाळ्यात ठेवायचा कुठं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

नमस्कार ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते, म्हणजे मिस्टरांनी ऑनलाइन ऑर्डर टाकायच्या आत तुमच्या हातात काहीतरी असेल. तुमच्या घराला झाकणवाला गोल कोळशाचा ग्रिल घ्या, ज्याला केटल ग्रिल म्हणतात तो, जाळीचा व्यास साधारण ५७ सेंटीमीटर. चार बर्नरचा गॅस ग्रिल नको. आणि ड्रम, तो माणूस जसा द्यायचं म्हणतोय तसा, फुकट दिला तरी नको.

आता कारणं. तुम्ही पत्रात एक फार कामाची गोष्ट लिहिलीय, महिन्यातून एक-दोनदा. सगळा निर्णय तिथंच होतो. गॅसच्या ग्रिलचा खरा फायदा वेळेचा आहे, पेटवला की दहा-पंधरा मिनिटांत तापतो, ऑफिसवरून येऊन बुधवारी रात्री पनीर भाजायचं असेल तर त्याच्यासारखं सुख नाही. कोळशाला निखारे तयार व्हायला अर्धा तास लागतो. पण तुमच्याकडं पोरगा आलेला असणार, सगळे गच्चीवर जमलेले असणार, कुणी कांदा चिरतंय कुणी कणसं सोलतंय, तिथं अर्धा तास कुणाला जड जाणारे? आणि त्याच २५ हजारात गॅसचा चार बर्नरवाला बघितला तर पैसे बर्नर, नॉब, चाकं, साइडची शेल्फं ह्या सगळ्यांत वाटले जातात आणि पत्रा पातळ येतो. तेवढ्याच पैशात कोळशाचा घेतला तर त्यात हलणारा पार्ट जवळजवळ नाहीच, सगळा पैसा भांड्यात जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रिलमध्ये पैसे मोजायचे ते तीन गोष्टींना, झाकण, हवेची दारं आणि पत्र्याची जाडी. बाकी सगळं नंतर.

झाकणाचं आधी सांगते कारण आपल्याकडं बरेच जण झाकण म्हणजे पावसापासून राखायची टोपी समजतात आणि उघडाच ग्रिल आणतात. ह्या केटल ग्रिलची गोष्टच झाकणापासून सुरू झाली. १९५२ साली अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन म्हणून एक माणूस वेबर ब्रदर्स नावाच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा, तिथं पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनायचे. उघड्या शेगडीवर वारा आणि पाऊस त्याचं जेवण बिघडवायचे, तर त्यानं बोयाचा गोळा मधून कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरचा अर्धा झाकण केला. सत्तर वर्षं झाली तरी त्या आकारात फारसा बदल करावा लागलेला नाही. आणि आपल्या गच्चीवर संध्याकाळी सुटणारा वारा तुम्हाला मी काय सांगायचा, उघड्या शेगडीवर एका बाजूचे निखारे लालभडक होतात, दुसरी बाजू विझते आणि ठिणग्या शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर जातात.

झाकण लावलं की आत भट्टी होते. आणि मग खरी करामत सुरू होते, निखारे सगळीकडं पसरायचे नाहीत, एका बाजूला सारायचे. एक बाजू जाळाची, एक बाजू नुसत्या उबेची. लेगपीस आधी निखाऱ्यावर रंग येईस्तोवर फिरवायचा आणि मग दुसऱ्या बाजूला सरकवून झाकण घालून सोडून द्यायचा, हाडापर्यंत शिजतो आणि बाहेरून करपत नाही. हे काही परकं तंत्र नाही हो, आपण हुरडा भाजताना कणसं पेटत्या जाळावर धरतो का? गोवऱ्यांचा जाळ बसला, आगटीत फुफाटा झाला की त्यात खुपसतो. तेच आहे हे. आपल्या मालदांडी ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला जाळ आणि निखारा ह्यातला फरक शिकवायला लागत नाही.

हवेची दारं म्हणजे खाली एक आणि झाकणावर एक अशी सरकती भोकं. खालचं जास्त उघडलं की आग वाढते, कमी केलं की बसते, वरचं शक्यतो उघडं ठेवायचं म्हणजे धूर आत कोंडून जेवणाला कडवटपणा येत नाही. जेवणं झाली की दोन्ही बंद. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला कामाला येतो. म्हणून दुकानात गेल्यावर पहिली परीक्षा ही की दारं सरकवून बघा, घट्ट बसतात का खुळखुळतात, पूर्ण बंद होतात का. दुसरी परीक्षा झाकणाची. मोबाईलचा टॉर्च चालू करून आत ठेवा, झाकण लावा आणि कडेनं वाकून बघा. बारीक रेघेएवढा उजेड एखाद्या ठिकाणी दिसला तर चालतंय, पण एका बाजूला बोटभर फट दिसली तर पत्रा वाकडा आहे, तो पीस घेऊ नका, आतली आग तुमच्या हातात कधीच राहणार नाही. दुकानदार टॉर्चला हसला तर हसू द्या.

पत्र्याला बोटानं ठोकून बघा. बिस्किटाच्या डब्यासारखा पोकळ वाजला तर सोडून द्या. ऑनलाइन जे हलके घडीचे काळे बार्बेक्यू मिळतात, सुटकेससारखे मिटणारे, ते एखाद्या सहलीला ठीक आहेत, माझ्या ओळखीतल्या एका घरी तसला आणला होता तर एका हिवाळ्यात तळाचा रंग उडाला आणि पावसाळ्यात तिथंच गंजून आरपार भोक पडलं. चांगल्या केटलवर आतून-बाहेरून पोर्सेलिन इनॅमल भाजलेलं असतं, चकचकीत, काचेसारखं. ते नुसत्या काळ्या रंगापेक्षा कितीतरी पटीनं टिकतं, फक्त आपटायचं नाही, टवका उडाला की तिथून गंज धरतो. पाय धरून हलवा. तीन पाय असले तरी चालतील पण डुगडुगायला नको, आत लालबुंद निखारे असणारेत आणि घरात कुणीतरी पळणारं असतंच.

जाळीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, फसवणूक तिथं जास्त होते. स्वस्त ग्रिलची जाळी म्हणजे बारीक तार आणि त्याच्यावर क्रोमचा मुलामा, तो सुटतो. बिडाची जाळी जड असते, उष्णता धरून ठेवते, मस्त रेघा उठतात, पण बिडाच्या तव्यासारखंच तिचं करावं लागतं, धुवून कोरडी करून तेलाचा हात लावून ठेवायची, नाहीतर जूनमध्ये लाल होते. तुम्हाला एवढं बघायला वेळ नसेल तर जाड स्टीलच्या सळ्यांची घ्या. पण नुसतं स्टील म्हणून चालत नाही, ग्रेड विचारा. ३०४ म्हणजे ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते बाहेर ठेवायला बरं. बाजारात २०२ बरंच असतं, त्यात निकेल कमी करून मॅंगनीज वाढवलेलं असतं, दिसायला तसंच चकचकीत, गंजायला आधी. आणि लोहचुंबक लावून बघ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, चुंबक चिकटला तर ४३० सारखं स्टील असेल एवढं कळतं, पण २०२ आणि ३०४ दोन्हीला तो सहसा चिकटत नाही, म्हणजे जिथं फसगत होते नेमकं तिथंच ही युक्ती उपयोगाची नाही. त्यापेक्षा बिलावर ग्रेड लिहून द्या म्हणायचं. लिहून द्यायला का-कू केली की समजायचं.

अजून एक, जाळी आणि खालची कोळशाची जाळी ह्या दोन गोष्टी सगळ्यात आधी जाणार आहेत, कितीही भारी ग्रिल घ्या. म्हणून सुटी जाळी मिळते का, कुठून मिळते, हे घेण्याआधी विचारा. स्पेअर मिळत नसेल तर तो ग्रिल कितीही देखणा असू दे, दोन-तीन वर्षांनी भंगारात जाणार.

आता ड्रमवाल्याचं. हे जरा मनावर घ्या ताई. जुना ड्रम म्हणजे त्यात आधी काय होतं ते कुणालाच माहीत नसतं, केमिकल, सॉल्व्हंट, ऑइल, काहीही. आपल्याकडं रंगाई, टॉवेलचे कारखाने एवढे आहेत की केमिकलचे ड्रम भंगारात सहज मिळतात. आतल्या बाजूला लेप असतो, बाहेर रंग, आणि तापल्यावर हे सगळं धूर होऊन तुमच्या कणसावर बसणार. जीआय म्हणजे झिंक चढवलेला पत्रा किंवा जाळी तर अजिबातच नको, झिंक ४१९ अंशाला वितळतं आणि निखारे त्याच्यापेक्षा खूप गरम असतात, त्या धुरानं माणसं आजारी पडतात, वेल्डिंगवाल्यांना विचारा, त्यांना माहीत असतं. पण ह्याचा अर्थ फॅब्रिकेटर वाईट असा नाही. आपल्या एमआयडीसीतली पोरं हातानं सोनं आहेत, त्यांना नीट सांगितलं तर विकतच्यापेक्षा दणकट वस्तू करून देतील. सांगायचं असं की नवी कोरी ३ एमएमची एमएस म्हणजे साध्या लोखंडाची प्लेट, जीआय कुठंही नको, आतून रंग नको, झाकण बिजागरीचं, खाली आणि वर सरकती दारं, जाळी ३०४ च्या ८ एमएम सळीची, कोळसा आणि जाळीत चार-पाच बोटांपेक्षा जास्त, साधारण १२ ते १५ सेंटीमीटर अंतर. आल्यावर पहिल्यांदा नुसता कोळसा पेटवून तासभर तापवायचा, आतून तेलाचा हात फिरवायचा, मग स्वयंपाक. वजन मात्र भरपूर होईल, एकदा गच्चीवर चढवला की तो तिथलाच. ते चालणार असेल तर हा माझ्या मते दुसऱ्या नंबरचा पर्याय आहे, चार बर्नरवाल्याच्याही वर.

गॅसचं मन मिस्टरांचं अजून वळत नसेल तर त्यांना एवढं दाखवा. जाहिरातीत ते बीटीयूचा, म्हणजे उष्णता मोजायच्या एककाचा, मोठा आकडा देतात, पण तो आकडा गॅस किती जळतो ते सांगतो, जाळी किती तापते ते नाही. मोठ्या जाळीवर तोच आकडा पसरला की ऊब कमी पडते, आणि झाकण-पत्रा पातळ असेल तर निम्मी ऊब वाऱ्यावर. शिवाय बाहेरून आलेला ग्रिल कुठल्या प्रेशरचा आहे ते बघावं लागतं, आपला घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास देतो, काही देशांत ३७ नाहीतर ५० मिलिबारवर चालणारे विकतात, ते इथं लावले की ज्योत नीट येत नाही आणि मग कुणीतरी जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं करून देतो म्हणतो. ते कुणालाही करू देऊ नका. १४.२ किलोची भरलेली टाकी सगळी मिळून ३० किलोच्या घरात जाते, ती दर वेळी जिन्यानं वर कोण नेणारे हेही आत्ताच ठरवा. तरी घेतलाच तर पेटवताना झाकण उघडं ठेवून पेटवायचा, आणि पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, दर वेळी.

इलेक्ट्रिक तुम्हाला नको, गच्ची असताना कशाला. फ्लॅटच्या बंद बाल्कनीत राहणाऱ्यांना मात्र मी तोच सांगते. २००० वॉटच्या आसपासचा असतो, १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर लावला तर वायर तापते.

आणि ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा. कोळशाचा ग्रिल, पाऊस आला म्हणून, वारा सुटला म्हणून, जिन्याच्या खोलीत किंवा कुठल्याही बंद जागेत घ्यायचा नाही. निखारे पांढरे पडले, धूर दिसत नाही, म्हणजे संपलं असं वाटतं पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून येतच असतो, त्याला वास नाही रंग नाही, माणसं झोपेत जातात. पाऊस आला तर झाकण लावा, दारं बंद करा, ग्रिल तिथंच भिजू दे. तुम्ही आत या.

सासूबाईंचा प्रश्न मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. घरात नवीन चूल आली आणि घरातलं मोठं माणूस त्यापासून लांब बसलं तर काय मजा आहे? त्यांना आधी विचारा की वेगळी जाळी असली तर चालेल का भांडंच वेगळं हवं. जाळीवर भागत असेल तर सुरुवातीलाच दुसरी जाळी घ्या, चिमटा, ब्रश, तेल लावायचा कुंचला सगळं वेगळं, त्याला रंगीत दोरा बांधून ठेवा, आणि दर वेळी पहिला हात त्यांच्या जिनसांचा, वांगी, कणसं, पनीर, ढोबळी मिरची, सगळं शाकाहारी आधी भाजून उतरवायचं आणि मगच चिकनची जाळी चढवायची. भांडंच वेगळं हवं म्हणाल्या तर त्यांना लहानशी लोखंडी शेगडी वेगळी आणा, बजेटमध्ये बसते. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी, हे ताट त्यांच्यापुढं आधी गेलं की गच्चीवर त्याही खुर्ची टाकून बसतील बघा.

म्हणूनच २५ हजार सगळे ग्रिलवर घालवू नका. त्यातले काही दुसऱ्या जाळीला ठेवा, काही लांब चिमट्याला आणि कातडी हातमोज्याला, काही कोळसा पेटवायच्या चिमणीला. ही चिमणी म्हणजे दोन्हीकडून उघडा पत्र्याचा डबा, खाली कागद, वर कोळसा, रॉकेल-पेट्रोल काहीही न ओतता पंधरा-वीस मिनिटांत निखारे. आणि एक सुईवाला थर्मामीटर. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं तापमान सांगतो, कोंबडीच्या पोटात काय चाललंय ते सांगत नाही. सुई मांसाच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश झालं की चिकन खायला सुरक्षित.

कोळसा लाकडाचाच हवा, बाभळीचा मिळाला तर उत्तम, इस्त्रीवाले वापरतात तसला. दगडी कोळसा जेवणाला वापरायचा नाही, त्यात गंधक असतं. तुकडा मोडून बघा, नीट जळलेला कोळसा हलका असतो आणि एकमेकांवर आपटला की खणखणतो, आत तपकिरी लाकूड दिसलं तर तो अर्धाकच्चा, नुसता धूर करणार. पोत्यात ओल असेल तर ठिणग्या उडतात.

गच्चीवर जागा ठरवताना वर बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात सगळ्यांनी हिरवं शेडनेट बांधलेलं असतं आणि ते तसंच वर्षभर राहतं, एका ठिणगीत पेटतं. त्याच्याखाली ग्रिल लावायचाच नाही. प्लास्टिकची पाण्याची टाकी, सोलरचे पाइप, केबल, कपड्याची दोरी, सगळ्यांपासून लांब. खाली दोन शहाबादी फरश्या टाका, म्हणजे पडलेल्या निखाऱ्यानं स्लॅबचं वॉटरप्रूफिंग खराब होणार नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढंही जातो, तेव्हा गच्ची रात्री नऊपर्यंत भाजत असते, त्या दिवसांत कुणाचा उत्साह राहत नाही, तुमचा खरा सीझन दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या पुढंपर्यंत. म्हणजे ऑफर लागलीय म्हणून घाई करायची गरज नाही, दिवाळीच्या आधी निवांत बघून घ्या.

पावसाळ्यात ठेवायचं म्हणाल तर जूनच्या आधी जाळ्या काढून घासा, तारेचा ब्रश वापरत असाल तर तुटलेली तार जाळीला चिकटून जेवणात जाऊ शकते म्हणून शेवटी ओल्या फडक्यानं पुसाच, तेलाचा हात लावून जाळ्या घरात ठेवा. भांड्यातली राख पूर्ण काढा, राखेत ओल धरली की इनॅमलसुद्धा टिकत नाही. मग झाकण लावून, वरून कव्हर घालून जिन्याच्या खोलीत, तिथं थंडा ग्रिल ठेवायला काही हरकत नाही. आणि राख काढताना कधीही त्याच रात्री प्लास्टिकच्या डस्टबिनमध्ये टाकू नका, पत्र्याच्या बादलीत झाकण घालून एक-दोन दिवस राहू द्या, हात लावून गार लागली की मगच घंटागाडीत.